हौसेनं काळ्या पाण्यावर

"अंदमानले? काळ्या पान्यावर कोनी हौसेनं जाते का वं?"

शिडाच्या बोटीतून अंदमानची बेटं फिरायचा आमचा बेत मी फोनवर सांगितला, तेव्हा रामाकोन्याहून आलेली ही पहिली प्रतिक्रिया. बोलणारी माझी मोठी माय, म्हणजे थोरली काकू. वय ब्याऐंशी. तिच्या दृष्टीनं अंदमान म्हणजे सावरकरांना नेलं ते ठिकाण. तिथून परत येणं हीच मोठी गोष्ट, आणि आम्ही तर पैसे भरून निघालो होतो.

मंडळी, तिचं फार चुकलं असं मला वाटत नाही. आमचं रामाकोना सौंसर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी. पूर्वी आम्ही छिंदवाडा जिल्ह्याचे, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्याचे. राज्य मध्य प्रदेश, घरात बोली मराठी, बाजार नागपूरचा. आमची संत्री ट्रकात बसून नागपूरला जातात आणि तिथं पोचली की 'नागपुरी' होतात. समुद्र आमच्यापासून कुठल्याही दिशेनं गेलं तरी शेकडो किलोमीटर लांब. मी स्वतः समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, पंचविसाव्या वर्षी.

पण मोठ्या मायच्या आवाजात नुसतं आश्चर्य नव्हतं. तिला आणि मला दोघींनाही ठाऊक असलेली एक गोष्ट त्यात होती.

१९७९ चा पोळा. मी नऊ वर्षांची होते. पोळ्याच्या सकाळी बैल धुवायला नदीवर न्यायची रीत होती. दादा, म्हणजे मोठ्या मायचा थोरला मुलगा, पंधरा वर्षांचा, आमची जोडी घेऊन गेला. वर सातपुड्यात रात्रभर पाऊस झाला होता. गावात ऊन पडलं होतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पाणी एकाएकी वाढलं. दोन्ही बैल ओल्या अंगानं, कासरा ओढत, आपापले घरी आले. दादा आला नाही. चार दिवस माणसं काठाकाठानं खाली शोधत गेली. नदीनं त्याला दिलं नाही.

त्या वर्षापासून आमच्या घरचे बैल विहिरीवर धुतात. घरातलं कोणतंही मूल नदीवर गेलं नाही, कोणी पोहायला शिकलं नाही. "पान्याशी खेळ नाही" हे वाक्य आमच्या घरी शुभंकरोतीइतकंच नेमानं म्हटलं जायचं. मी लग्न होऊन भोपाळला आले. घरापासून बडा तलाव दहा मिनिटांवर. तीस वर्षांत मी त्या तलावात पाय बुडवला नाही.

आमच्या ह्यांचं उलट. राजा भोजाच्या काळापासूनचा तो तलाव म्हणजे ह्यांचं माहेर. बोट क्लबकडे मुलं शिडाच्या छोट्या होड्या हाकायला शिकतात, ते बघत हे तासन्तास उभे राहायचे. २०२३ मध्ये बँकेतून निवृत्त झाले आणि घरात एक विचित्र शांतता आली. मुलगी पुण्याला. आम्ही दोघं एका टेबलावर बसून दोन वेगवेगळ्या फोनांत बघत जेवायचो. भांडण नव्हतं. बोलणंच नव्हतं. मग ओळखीच्या एका निवृत्त नौसैनिकाकडे ह्यांनी शीड हाताळायचे धडे सुरू केले आणि संध्याकाळी घरी येऊन वाऱ्याबद्दल बोलू लागले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण माणूस बोलतोय हे बरं वाटत होतं.

एक दिवस म्हणाले, "लग्नाला तीस वर्षं होतील. बोटीतून बेटं बघायला जाऊ या का? तू आणि मी."

मी लगेच 'नाही' म्हटलं. मग आठवडाभरानं, का कोण जाणे, महिलांच्या सकाळच्या पोहण्याच्या बॅचला नाव घातलं. वय त्रेपन्न. माझ्यासोबत शिकायला सहा वर्षांच्या मुली होत्या. त्या पंधरा दिवसांत मासोळ्या झाल्या. मला पाण्यात तोंड घालायलाच महिना लागला. दीड वर्षानं मी न थांबता दोनशे मीटर पोहू लागले. ह्यांना मी एवढंच सांगितलं होतं की "दादा नदीत गेला, म्हणून घरात भीती आहे." त्यापुढे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही निघालो. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम झालं आहे. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल पाहिला. सावरकर १९११ मध्ये इथं आले आणि १९२१ मध्ये मुख्य भूमीवर परतले. त्या कोठडीत उभं राहिल्यावर मोठ्या मायच्या 'काळ्या पान्याचा' अर्थ नीट कळला. भिंतीपलीकडे निळाशार समुद्र, आणि खिडकी अशी उंचावर की तो दिसूच नये. ज्या पाण्याकडे आम्ही सुट्टी म्हणून बघत होतो, तेच पाणी त्या माणसांसाठी भिंत होतं.

दुसऱ्या दिवशी बोटीवर चढलो. अडतीस फुटी, एक डोलकाठी, दोन छोट्या खोल्या. आमच्याकडे समुद्रात एकट्यानं बोट न्यायचा परवाना नव्हता, म्हणून बोटीसोबत कप्तान आणि त्याच्या मदतीला हॅवलॉकचा एक तरुण मुलगा. त्याचे आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून इथं वसवलेल्या कुटुंबांपैकी. कप्तानानं पहिल्याच तासाला तीन नियम सांगितले. डेकवर लाईफ जॅकेट कायम अंगात. एक हात कामाला, एक हात बोटीला. आणि गोडं पाणी जपून, कारण टाकीत आहे तेवढंच. तिसरा नियम ऐकून मला हसू आलं. मे महिन्यात रामाकोन्याच्या विहिरीवर वाढलेल्या बाईला एका तांब्यात अंघोळ कशी करायची ते शिकवावं लागत नाही. बंगाली मुलगा सहा दिवस माझ्याकडे आदरानं बघत होता.

बरोबर मी रामाकोन्याच्या मृग बहाराची दोन डझन संत्री, राजगिऱ्याचे लाडू आणि तिळाची चटणी नेली होती. पहिल्या चार तासांत त्यातलं काहीही पोटात राहिलं नाही. कप्तान म्हणाला, "खाली खोलीत जाऊ नका, वर बसा आणि दूर क्षितिजाकडे बघत राहा." त्याचं कारणही सांगितलं. खोलीत डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानातल्या तोलाच्या यंत्रणेला हलणं जाणवतं. दोघांची साक्ष जुळत नाही, म्हणून मळमळतं. क्षितिज बघितलं की डोळ्यांनाही हलणं पटतं. उलट्या थांबल्या आणि मी संत्रं सोललं.

आता शिडाच्या बोटीची गंमत सांगते, कारण ती तिथं जाईपर्यंत मलाही माहीत नव्हती. फेब्रुवारीत तिथं वारा ईशान्येकडून येतो आणि हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, श्री विजयपुरमहून ईशान्येलाच आहे. म्हणजे वाऱ्याच्या तोंडावरच जायचं. शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही, नुसतं शीड फडफडतं. मग वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन धरायचा, काही वेळ उजवीकडे तिरकं जायचं, मग बोट वळवायची, शीड दुसऱ्या अंगाला घ्यायचं आणि डावीकडे तिरकं जायचं. असं नागमोडी करत पुढं सरकायचं. जलद फेरीबोट हे अंतर दीड-दोन तासांत कापते. आम्हाला दहा तास लागले. अधूनमधून वारा पडला की इंजिनही लावावं लागलं.

पण त्या दहा तासांत घरी दहा महिन्यांत झालं नसेल इतकं बोलणं झालं. बोट वळवताना एकानं सुकाणू फिरवायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं एका अंगाचा दोर सोडून दुसऱ्या अंगाचा ओढायचा असतो. "तयार?" "तयार." "वळतोय." "सोडला." एक शब्द उशिरा आला तर शीड अंगावर फडफडतं. पहिल्या चार वेळा आम्ही एकमेकांवर ओरडलो. पाचव्या वेळी जमलं. संध्याकाळी हे म्हणाले, "तीस वर्षांत आज पहिल्यांदा मी आधी सांगून वळलो." मी म्हटलं, "आणि मी आज पहिल्यांदा दोर वेळेवर सोडला."

हॅवलॉकला आम्ही तीन रात्री काढल्या. राधानगरचा किनारा सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो, त्यावर मी काय लिहू? मला जास्त आठवतं ते नांगर टाकणं. मुलगा पाण्यावर वाकून तळ बघायचा, आणि पांढरी वाळू दिसेपर्यंत नांगर टाकू द्यायचा नाही. प्रवाळावर नांगर पडला तर शेकडो वर्षांत वाढलेलं एका मिनिटात मोडतं. प्रवाळ हा जिवंत प्राण्यांचा संसार आहे आणि वन्यजीव कायद्यानं त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. किनाऱ्यावर मेलेला तुकडा सापडला तरी उचलून आणायचा नाही. निर्मनुष्य बेटांवर मनाला येईल तसं उतरता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते. पहिल्यांदा हे नियम जाचक वाटले. पाण्यात तोंड घालून खालचं जग पाहिलं तेव्हा वाटले नाहीत. हो, तोंड घातलं. महिनाभर जे जमत नव्हतं ते.

पाचव्या दिवशी आम्ही नील बेटावर आलो. त्याचं आताचं नाव शहीद द्वीप. इथल्या वस्त्यांची नावं ऐकून मी चकित झाले: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. घरापासून इतक्या दूर समुद्रात येऊन पुन्हा रामाच्याच गावात! त्या दिवशी महाशिवरात्र होती, २६ फेब्रुवारी. आमच्याकडे महाशिवरात्र म्हणजे पचमढीचा मोठा महादेव. विदर्भातून त्रिशूळ खांद्यावर घेऊन निघालेल्या यात्रेकरूंच्या झुंडी लहानपणी आमच्या रस्त्यानं जायच्या. म्हणून दुपारी मी म्हटलं, किनाऱ्यावर जाऊ, कुठंतरी महादेवाला बेल वाहू.

मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. ती थोडी आत नांगरतात आणि छोट्या रबरी होडीतून किनाऱ्यावर जातात. तिला मागे एक लहान इंजिन. हे म्हणाले, "आम्ही दोघंच जातो." समुद्र शांत होता, कप्तानानं परवानगी दिली. "पाचपर्यंत या," एवढं सांगितलं.

देऊळ सापडलं, बेल मिळाला. गावातल्या एका आजीबाईंनी प्रसाद दिला आणि बंगाली-हिंदीत गप्पा मारत बसवून घेतलं. इथं आमची चूक झाली. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच. रामाकोन्यापेक्षा तिथं सूर्य जवळजवळ तासभर आधी मावळतो. फेब्रुवारीतही साडेपाचच्या सुमारास. आम्ही सव्वापाचला निवांत होडीशी आलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता आणि ओहोटी जोरात सुरू होती. दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणजे उधाणाचे दिवस. अशा वेळी पाणी नेहमीपेक्षा जास्त चढतं, जास्त उतरतं आणि त्याला ओढही जास्त असते.

अर्ध्या वाटेवर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं. निघताना बघायचं काम आमचं होतं, आम्ही बघितलं नव्हतं.

हे वल्ही घेऊन थेट बोटीच्या दिशेनं मारू लागले. पाच मिनिटं जीव तोडून मारली असतील. बोट जवळ यायच्या ऐवजी बाजूला सरकत गेली. प्रवाह आम्हाला किनाऱ्याला समांतर खाली नेत होता. अंधार पडत होता. ह्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण श्वास ऐकू येत होता.

माझ्या डोळ्यांसमोर काय आलं ते सांगायची गरज नाही. ओल्या अंगाचे दोन बैल आले.

पण त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. दादाला शोधायला गेलेल्या माणसांत आमच्या शेतावरचे एक म्हातारे बाबा होते. रात्री परत आल्यावर ते ओसरीवर बसून सांगत होते आणि मी दाराआडून ऐकत होते. "धारेच्या आडवं जाऊ नये. तिच्याशी भांडू नये. काठ धरून वरच्या अंगाले चालत जावं, आन् मंग तिच्यासंगं तिरपं उतरावं. पोरगा सरळ आला असन." हे वाक्य पंचेचाळीस वर्षं माझ्या कानात होतं आणि मी त्याला फक्त दुःख समजत होते. त्यात नदी पार करायची रीत सांगितली होती, हे मला त्या क्षणी कळलं.

मी म्हटलं, "बोटीकडे मारू नका. किनाऱ्याकडे मारा."

"काय?"

"काठाजवळ ओढ कमी असते. तिथून वर जाऊ, मग उतरू. मला माहीत आहे."

तीस वर्षांत मी ह्यांना इतक्या ठामपणे काही सांगितल्याचं आठवत नाही. त्यांनी वाद घातला नाही, होडी वळवली. काठाजवळ गुडघाभर पाणी लागलं तशी मी दोर हातात घेऊन उतरले. हेही उतरले. खाली वाळू होती. आम्ही होडी ओढत, किनाऱ्याकिनाऱ्यानं, बोटीच्या पुढे बरंच वर गेलो. माझ्या प्रत्येक पावलाभोवती पाण्यात निळसर ठिणग्या उठत होत्या. पाणी हललं की चमकणारे सूक्ष्म जीव असतात ते. बघायला लोक मुद्दाम अंधाऱ्या रात्री जातात. मी मोजत होते ती फक्त पावलं.

मग होडीत बसून आम्ही तिरकं आत मारायला सुरुवात केली. आता प्रवाह आम्हाला बोटीकडेच आणत होता. कप्तान टॉर्च दाखवत, नांगर उचलायच्या तयारीत उभा होता. मुलानं दोर फेकला. पहिल्या फेकीत तो माझ्या हातात आला.

कप्तानानं आम्हाला नीट झापलं. उशिरा आल्याबद्दल, पेट्रोल न बघितल्याबद्दल आणि सगळ्यात जास्त अंधारात पाण्यात उतरल्याबद्दल, कारण अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पेट्रोल त्यानंही तपासायला हवं होतं, हे तो स्वतःच शेवटी म्हणाला आणि सगळ्यांना चहा दिला.

त्या रात्री डेकवर बसून मी ह्यांना दादाची गोष्ट पहिल्यांदा पूर्ण सांगितली. त्या सकाळी मलाही नदीवर जायचं होतं, मी हट्ट केला होता आणि दादा म्हणाला होता, "तू थांब, मी लवकर येतो," हेही सांगितलं. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी तुला तीस वर्षं तलावावर चल म्हणत होतो. एकदा विचारायला हवं होतं, का येत नाहीस." मी म्हटलं, "आज विचारलं असतं तरी सांगितलं नसतं. आज नुसतं सांगितलं." मग दोघांनी मिळून शेवटचं संत्रं सोललं. उपासाला चालतं.

परतल्यावर एक बातमी वाचली. नौदलाच्या दोन अधिकारी, लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा, दोघीच 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणेला गेल्या होत्या आणि आम्ही निघायच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी केप हॉर्न ओलांडलं होतं. मे महिन्यात त्या गोव्याला परतल्या. असा प्रवास एकट्यानं करणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे, २००९-१० मध्ये, गोव्यातच बांधलेल्या 'म्हादेई' बोटीतून. ह्यांच्यापुढे आमचे सहा दिवस म्हणजे डबक्यातली कागदी नाव. तरीही मी ते कापून ठेवलं आहे.

यंदा पोळ्याला आम्ही दोघं रामाकोन्याला गेलो. छोटी रेल २०१५ मध्ये बंद झाली. आता मोठ्या रुळांवरून गाडी धावते, पण स्टेशनवर उतरलं की वास तोच. मी मोठ्या मायशेजारी बसले आणि फोनवर फोटो दाखवू लागले. तिनं बराच वेळ पाहिले. मग विचारलं,

"समुद्र किती मोठा असते वं?"

"दिसते तेवढा सगळा तोच असते."

ती थांबली. "आपल्या कन्हानचं पानी जाते का तिथवर?"

मी शाळेतल्या नकाशासारखं सांगितलं. कन्हान वैनगंगेत, वैनगंगेचं पाणी प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. अंदमान त्याच समुद्रात.

"म्हंजे तू तिथं जाऊन आली," ती म्हणाली. "बरं झालं." आणि पदरानं फोनची काच पुसून परत दिली.

दुसरे दिवशी सकाळी माझ्या भावाचा नातू मला विचारत होता, पोहायला किती दिवस लागतात. वय सात. मी त्याच्या आईकडे पाहिलं, तिनं मोठ्या मायकडे. मोठी माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शिकू दे. पन विचारून जाय म्हना, वर पाऊस पडला का."